उतारावरचा शब्द

मी मुळातच भित्री. पाल दिसली की स्वयंपाकघर तिला सोडून देते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या सरावाचा भोंगा वाजला की आधी धावत जाऊन गॅस बंद करते, मग आठवतं की आज सराव आहे हे आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. यजमान तिथेच नोकरीला होते. ते असेपर्यंत मला हसायचे. "भोंग्याला घाबरतेस, आणि ज्याच्या शेजारी सगळा संसार केलास त्याला नाही," म्हणायचे. ते गेले, आणि भीती तेवढी माझ्याकडे राहिली.

पण ह्या भीतीत गंमत होती, ती मी चारचौघांत सांगायचे आणि लोक हसायचे. एका उन्हाळ्यातल्या दुपारी मला जी भीती वाटली ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या दुपारी माझ्या जावयाच्या जिवावर बेतलं होतं, आणि मी तिथेच होते.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. इकडच्या भाषेत घाटावरचे, आणि पाठ फिरली की घाटी. यजमानांच्या नोकरीमुळे तारापूरला आलो आणि मला खाडीकाठच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवायचं काम मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही. सव्वीस वर्षं मी तिथे मुलांच्या 'आमी'चं 'आम्ही' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, 'पानी'चं 'पाणी' केलं. निवृत्त झाल्यावर लेकीकडे बेटेगावला राहायला आले. हातातलं लाल पेन मात्र सुटलं नाही. कोणाची लग्नपत्रिका आली तरी मी आधी तिच्यातल्या चुका काढते, मग तारीख बघते.

हे माहीत असल्यामुळेच सिस्टरांनी मला ते काम दिलं असावं. सिस्टर म्हणजे पूर्वी आमच्या शाळेत मुलांच्या तपासणीसाठी येणाऱ्या, दवाखान्यातल्या परिचारिका. वसईकडच्या, धर्मभगिनी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका लिहीत होत्या, ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या जुन्या करारातल्या शास्त्यांच्या गोष्टींची. भाषा तपासून द्या म्हणाल्या.

'शास्ते' या शब्दाशीच मी अडले. शास्ता म्हणजे शिक्षा देणारा, म्हणजे न्यायाधीशच असणार, असं मी म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "तसे नाहीत बाई. काळा कोट डोळ्यांसमोर आणू नका." मग त्यांनी मला समजावलं. गुलामगिरीतून सुटून आलेले ते लोक, त्यांची बारा कुळं, डोंगरात आणि खोऱ्यांत विखुरलेली. राजा नाही, राजधानी नाही, कायमची फौज नाही. शेजारचं कोणी चाल करून आलं, उभी पिकं लुटून गेलं, की त्यांच्यातलाच एक जण उठायचा, माणसं गोळा करायचा आणि लढायचा. तो शास्ता. पुढे काही वर्षं बरी जायची. तो मेला की पुन्हा जो तो आपल्या मनाला येईल तसं वागायला मोकळा.

मी रोज दुपारी नात झोपली की ती पानं घेऊन बसायचे. त्यात एक बाई होती, खजुराच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे सोडवणारी. ती मला फार पटली. पण सगळ्यांत जवळचा वाटला तो एक शेतकरी. शत्रूने धान्य लुटून नेऊ नये म्हणून द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडत बसलेला. देवाचा दूत येतो तो नेमका ह्याच्याकडे, आणि त्याला शूर म्हणून हाक मारतो. मी समासात लिहिलं, 'हा छान आहे.' भाषा तपासणाऱ्याने असं लिहायचं नसतं, तरी लिहिलं. भित्र्या माणसाचं पुढे काहीतरी होऊ शकतं हे वाचून मला बरं वाटलं होतं.

मग उतारांची गोष्ट आली. नदीच्या पलीकडचा एक शास्ता. घरातून भावांनी हाकलून दिलेला, संकट आल्यावर त्याच लोकांनी परत बोलावलेला. परक्या शत्रूला त्याने हरवलं आणि नंतर त्याचं जुंपलं ते आपल्याच भाऊबंदांशी, नदीच्या अलीकडच्या कुळाशी. ते हरले आणि घरी परतायला नदीच्या उतारावर येऊ लागले. उतार म्हणजे पाणी कमी असतं, चालत पलीकडे जाता येतं, ती जागा. तिथे ह्याची माणसं उभी. येणाऱ्याला विचारायची, तू त्यांच्यातला का? तो नाही म्हणायचा. मग त्याला सांगायची, 'शिब्बोलेथ' म्हण. अर्थ साधा, धान्याचं कणीस. पण अलीकडच्यांच्या बोलीत श नव्हता. तो म्हणायचा 'सिब्बोलेथ'. एवढ्यावर त्याला धरून तिथेच मारून टाकायचे.

हे वाचून माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. मला दिसलं काय, तर एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला आहे. मी 'सि' खोडून 'शि' केलं आणि बाजूला लिहिलं, 'लेखन सर्वत्र एकसारखे ठेवावे.'

दोन दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना. "बाई, तुम्ही सुधारलेल्या गोष्टीत तो बिचारा बरोबर बोलतो, तरी त्याला मारतात." मीही हसले, कपाळावर हात मारून घेतला. मग त्या म्हणाल्या, "तसंही झालं असेल म्हणा. एखादा बरोबर बोलला असेल, पण तोपर्यंत ऐकतंय कोण." त्या दिवशी रात्रीची भाजी मी करपवली.

त्याच उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली. आधी मोबाइलवर आली. कोणत्या तरी गावातला, कोणत्या तरी भाषेतला व्हिडिओ, खाली लिहिलेलं, 'आपल्याच भागात.' मला तो पाच ठिकाणांहून आला आणि मीही तो पुढे दोघींना पाठवला, हे कबूल करते. मग बातमीला पाय फुटले. पांढरी गाडी आहे, गोड खाऊ देतात, हिंदी बोलतात. शाळा सुटायच्या वेळी आया फाटकाशी आधीच जाऊन उभ्या राहू लागल्या. गावागावांतून पोरं पहाऱ्याला बसली आणि रस्त्यांवर बांबू आडवे पडले. पालघरला जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्यांची रांग आहे, बोईसरला चौकी आहे, पोलिसांची गाडी कर्ण्यावरून ओरडत फिरायची की अफवांवर विश्वास ठेवू नका. पण गाडी पुढे गेली की रस्त्यावर कोणाला सोडायचं हे ज्याच्या हातात बांबू तो ठरवायचा.

माझा जावई झारखंडचा. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, इथे 'तो' लिहिते आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो यंत्रांची देखभाल करतो, लेक दुसऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. दोघांनी आपलं आपण जमवलं. मी वर्षभर तोंड फुगवून बसले होते. मुलगा वाईट नव्हता, पण लोकांना काय सांगू हा माझा प्रश्न होता, आणि तो मी सोडवला तो असा की शाळेच्या गावातल्या कोणालाच लग्नाला बोलावलं नाही. नात झाली तेव्हा माझा राग विरघळला. निदान मला तसं वाटत होतं.

त्याला मराठी मीच शिकवलं. पटपट शिकला, क्रियापदंसुद्धा. अडला तो फक्त ळ पाशी. मी म्हणायचे, "बाल नव्हे, बाळ. जीभ मागे वळवा, टाळूला लावा." तो दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखा तोंड उघडून जीभ वळवायचा आणि म्हणायचा, "बाल." नात टाळ्या पिटायची. आमच्या घरातला तो ठरलेला विनोद होता.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती, लेकीला नव्हती. पुस्तिकेची तपासलेली पानं सिस्टरांना पोचवायची होती. सिस्टर उन्हाळ्याचे दोन महिने किनाऱ्याकडच्या एका वाडीत बहिणीकडे राहायच्या, माझ्या जुन्या शाळेच्या गावावरून आणि खाडीच्या पुलावरून पुढे. जावयाने गाडी काढली, आणि घरी कोणी नाही म्हणून चार वर्षांच्या नातीलाही बरोबर घेतलं. जाताना रस्ता मोकळा होता. सिस्टरांनी सरबत दिलं, पानं चाळली आणि तीनच्या सुमाराला आम्ही परत निघालो.

पुलाच्या अलीकडे एक जण ताडगोळे विकायला बसला होता. मी म्हटलं, थांबवा, एक डझन घेऊ. मी उतरले, तेवढ्यात मागे बस येऊन भोंगा वाजवू लागली. रस्ता अरुंद. तो म्हणाला, "आई, पूल के उस पार छाया में रुकता हूँ," आणि गाडी पुढे काढली. आजी खाली राहिली आणि गाडी चालली, हे पाहून नातीने भोकाड पसरलं. तिचा आवाज पुलावरून लांब लांब जाताना मला ऐकू येत होता. मी हसत विक्रेत्याला म्हणाले, "लवकर सोला बाबा."

तो सोलून देईपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. पिशवी घेऊन मी पुलावर चढले आणि मधोमध आले तेव्हा पलीकडचं दिसलं. जाताना नसलेला बांबू आता रस्त्यावर आडवा होता. मागून आलेली बस त्यांनी सोडून दिली होती. आमची गाडी अडवलेली होती आणि तिच्याभोवती वीसएक माणसं.

 मागच्या सीटवर एकटी माझी नात, चार वर्षांची, मराठीत आजी आजी करून रडते आहे, आणि पुढे बसलाय हिंदी बोलणारा पुरुष. मोबाइलवरच्या व्हिडिओखाली जे जे लिहून आलं होतं ते सगळं आमच्या गाडीत होतं. फक्त गाडी पांढरी नव्हती, राखाडी होती.

मी भराभर चालत पुलाच्या टोकापर्यंत गेले. तिथून ते लोक तीस पावलांवर असतील. जावयाला त्यांनी गाडीबाहेर काढलं होतं. शर्टाची वरची बटणं तुटली होती. एकाच्या हातात बांबू, एकाच्या हातात नारळ सोलायचा कोयता, बाकीच्यांच्या हातात फोन. तो सांगत होता, "माझी मुलगी आहे. माझी मुलगी." कोणी तरी म्हणालं, "एवढंच पाठ करून आलाय." त्याने ओळखपत्र दाखवलं. त्यावर झारखंडचा पत्ता, म्हणजे दाखवून वाईटच झालं. त्याने लेकीला फोन लावला. तिच्या कारखान्यात फोन फाटकावरच ठेवून घेतात. घंटा वाजत राहिली.

"खोटा नंबर हाय," एक जण म्हणाला.

एकाने गाडीच्या काचेवर थाप मारून नातीला विचारलं, "ए बाय, ह्यो कोन तुजा?" थापेने ती एवढी दचकली की तिचं रडणंच बंद झालं. ती तोंड उघडून नुसती बघत राहिली.

तेव्हा एक तरुण पुढे झाला. तिशीचा, दाढीवाला, गळ्यात टॉवेल. बाकीचे त्याला जागा करून देत होते. तो शांतपणे म्हणाला, "थांबा रे. आत्ता कलतं. बोल, नारळ."

मी त्याला ओळखलं. नाव, बाक, वर्ष, सगळं आठवलं. आणि त्याने काय चालवलं आहे तेही ओळखलं. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गाच्या दारात उभी राहायचे आणि एकेकाला विचारायचे: नारळ म्हण, डोळा म्हण, शाळा म्हण. खाडीकाठच्या बोलीत ळ नाही. घरी सगळे नारल म्हणतात, डोला म्हणतात. नीट म्हणेल तो आत, नाही तो बाहेर. बाहेरची मुलं खिडकीतून वर्ग ऐकायची. मला ती युक्ती फार चांगली वाटायची, एकदा गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तिचं कौतुकही केलं होतं. हा मुलगा पाचवीचे पहिले दोन महिने दाराबाहेर होता. मग एके दिवशी त्याला ळ आला आणि मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

"नारल," माझा जावई म्हणाला.

कोणी तरी हसलं.

"बाळ."

त्याने जीभ वळवली. मला तीस पावलांवरून दिसलं, त्याने जीभ वळवली, टाळूला लावली, मी सांगितलं होतं तशी. "बाल."

कोयतेवाला दोन पावलं पुढे आला. जावई मागे सरकला तर मागे गाडी. तो म्हणाला, "आई पीछे आ रही हैं. मेरी सास. यहीं स्कूल में पढ़ाती थीं." आणि त्याने मान वळवून पुलाकडे पाहिलं.

त्याने मला पाहिलं. नुसतं माझ्या दिशेला नव्हे, माझ्याकडे. माझ्या हातातली पिशवीही त्याला दिसली असेल.

मला फक्त ओरडायचं होतं. 'आमचा आहे.' दोन शब्द. सव्वीस वर्षं ज्या आवाजाने साठ मुलांचा वर्ग गप केला तो आवाज कुठे गेला मला माहीत नाही. बोबडी वळणं हा वाक्प्रचार मी किती वेळा फळ्यावर लिहून दिला असेल, त्याचा अर्थ मला तिथे कळला. जीभ तोंडात लाकडासारखी पडून राहिली.  मनात काय येत होतं तेही लिहिते, आता लपवून काय करू. हे लोक माझ्यावरही उलटतील, मीही घाटावरचीच, असं आलं. कोयता आला. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, एक क्षणभर, हेही आलं की आता सगळ्या गावाला कळणार, बाईंचा जावई हिंदीवाला आहे. माणूस मरणाच्या दारात उभा असताना मला हे सुचलं. मी एक पाऊल मागे घेतलं आणि पुलाच्या टोकाला पिंपळासारखं मोठं भेंडीचं झाड होतं, त्याच्याआड झाले.

त्याने नजर काढून घेतली. पुन्हा त्या बाजूला पाहिलं नाही.

पुढचं मी झाडाआडूनच पाहिलं. पुलापाशी एक म्हातारी सुके बोंबील घेऊन बसलेली असते, माझ्या नोकरीच्या काळापासून. ती इतका वेळ नुसती बघत होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "नारलच तं बोल्ला तो."

"आजे, तू गप ऱ्हा," दाढीवाला म्हणाला.

"का गप ऱ्हाव? नारलच बोल्ला ना? मंग तुला काय पायजे? आमी काय बोलतो?"

"नारळ हाय तो, नारळ."

"तुज्या शालेत असंल. घरा जा नि तुज्या आयसला सांग बोलाला. नारलच बोलंल ती. मंग तिला पन धरशील का?"

मागून दोघे-तिघे हसले. ते हसणं मघासारखं नव्हतं. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली, कोयतेवाल्याला हाताने बाजूला केलं, ते करताना त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीचं दार उघडून तिने नातीला कडेवर घेतलं. बोंबलाचा वास येणाऱ्या त्या पदराला माझी नात चिकटली. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दम खाऊ दिला आणि मग विचारलं, "सांग गो बाय, ह्याला काय हाक मारते तू?"

नातीने हात पुढे केले. "बाबा," म्हणाली, आणि त्याच्याकडे झेपावली.

एवढंच. त्याने तिला घेतलं आणि तिच्या मानेत तोंड लपवलं. कोणी बांबू उचलला. कोणी गाडीखाली पडलेलं ओळखपत्र उचलून त्याच्या खिशात घातलं आणि खिशावर थोपटलं, जणू काही झालंच नव्हतं.

तेव्हा मी निघाले. रस्ता मोकळा झाल्यावर. धावतच गेले, आणि ते धावणं मला आजही सगळ्यांत लाजिरवाणं वाटतं.

"बाई?" दाढीवाल्याचा चेहरा उतरला. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "बाई, हे तुमचे हायत?"

"जावई," मी म्हणाले. आवाज आला, चांगला स्वच्छ आला.

"आमाला काय म्हाईत, बाई. आमी आपलं तुमचंच वापरलं. ळ." तो कसनुसं हसला. त्याला वाटलं असेल की ह्याने मला बरं वाटेल. "माफ करा दादा," तो जावयाला म्हणाला. जावयाने मान हलवली. मी म्हातारीकडे वळले तर ती पुन्हा टोपलीपाशी जाऊन बसली होती आणि माश्या वारत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. झाड तिच्या अगदी समोरच होतं.

आम्ही निघालो. नात माझ्या मांडीवर झोपून गेली. चार-पाच किलोमीटर गेल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, रस्त्याच्या कडेला ओकला. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. परत येऊन चाकामागे बसला. मी काही तरी म्हणणार होते. मी त्याचं नाव घेतलं.

"आई," तो म्हणाला, "ताडगोले मिले?"

मी हो म्हटलं. पिशवी माझ्या मुठीत इतकी आवळली गेली होती की आतलं पाणी पायावर ठिबकत होतं. त्यानेही ते पाहिलं आणि गाडी सुरू केली.

लेक संध्याकाळी सातला आली. फोनवर त्याचे अकरा मिस्ड कॉल पाहून धापा टाकत जिना चढली. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. आमच्या घरात तो गंभीर बोलणं हिंदीत करतो, पण त्या दिवशी मराठीत सांगत होता, माझ्यासमोर, एकेक शब्द जुळवत. मुलांनी गाडी अडवली. गैरसमज झाला. ती रडू लागली तसा तो घाईने म्हणाला, "काही झालं नाही. आई होत्या ना. आई लगेच धावत आल्या. आईने सगल्यांना सांगितलं, माझा जावई आहे. त्यांचाच विद्यार्थी निघाला. सोडून दिलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

लेक उठली आणि येऊन माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी, सगळं वजन टाकून. लग्नाच्या वेळच्या माझ्या वागण्यानंतर तिने मला असं कधीच धरलं नव्हतं. तिचं अंग हुंदक्यांनी हलत होतं. ती म्हणाली, "आई, तू नसतीस तर." मग मागे होऊन, ओल्या डोळ्यांनी, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, "खरंच तू एकटी गेलीस त्या सगळ्यांच्यात?"

मी हो म्हणाले.